गिरिजाबाईला कुणी विचारलं?

मी कासारीण. तीर्थपुरीच्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान हाय, माझं नाव बेबीनंदा. दिवसभर बायकांचे हात माझ्या हातात असतात, म्हणून मला वाटायचं की मला बायका कळतात. कशाच्या कळतात! गिरिजाबाईचा हात वीस-बावीस वर्षं माझ्या हातात होता अन् तिच्या घरात काय शिजून राह्यलं ते मला कळलं न्हाई. तिला स्वतःलाच कळलं नव्हतं म्हणा. पण मला राग यायचा तो येतोच. आज सगळं सांगते. मधी बोलू नका.

गिरिजा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या बद्रीनाथची बायको. नवी नवरी होऊन आली तव्हा मीच तिला चुडा भरल्ता. सव्वादोन मापाची बांगडी अशी सहज गेली हातात. तोंडानं फटाकडी पोरगी. पहिल्याच दिवशी मला म्हणली, "ताई, हात दाबताय का वैर काढताय?" मला लई हसू आलं. तव्हापासून ती माझी.

नवरा बद्रीनाथ मोसंबीची कलमं बांधायचा, अजून बांधतो. गावाबाहेर त्याची रोपवाटिका हाय. जंबेरी लिंबाच्या रोपाला चाकूनं काप द्यायचा, चांगल्या मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा काढून त्यात बसवायचा अन् वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. त्या एका डोळ्यातून सबंध झाड होतं. घनसावंगीकडून, अंबडकडून शेतकरी त्याच्याकडं यायचे, कारण त्याचं कलम कव्हा दगा देत न्हाई. ज्या झाडाचा डोळा घ्यायचा ते झाड तो आधी सगळ्या बाजूनं फिरून बघायचा. शेंड्याकडून वाळत आलेलं दिसलं की त्या झाडाची काडी बंद. त्याच्यापासून केलेली दुसरी झाडं हिरवीगार असली तरी त्यांची पण काडी बंद. "रोग डोळ्यातून जातो," म्हणायचा. "दिसत न्हाई म्हणजे न्हाई, असं समजू नका." हे त्याचं बोलणं ध्यानात राहू द्या.

लग्नाला तीन वर्षं झाली अन् पोर होईना, तसा गिरिजाचा फेरा सुरू झाला. सोमवार झाले, गुरुवार झाले, कुणी सांगितलं तर गोदावरीच्या थंड पाण्यात डुबक्या झाल्या. जालन्याचे दवाखाने झाले, मंग संभाजीनगरचे. नळ्यांमध्ये औषध सोडून बघतात, ते केलं. त्या दिवशी ती माझ्या दुकानात पोट धरून बसली, मी तिला चहा पाजला. मंग पोटाला भोकं पाडून दुर्बीण घातली. डॉक्टर म्हणले, बाईत दोष न्हाई, नवऱ्याला घेऊन या. बद्रीनाथ एकटाच गेला, दिवस मावळायच्या आत परत आला अन् म्हणला, "माझं तपासलं. बराबर हाय." झालं! म्हणजे दोष फिरून हिच्याच पदरात.

आमच्या धंद्यात डोहाळजेवणं लई. गरवारशीला हिरवा चुडा भरायचा, मंग पाच लेकुरवाळ्यांना. गिरिजा तव्हा आत पुऱ्या तळत उभी. तिला कुणी हाकललं न्हाई. तीच उठून जायची, कुणावर 'जा' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. सगळं आटपलं की माझ्याजवळ यायची, माझ्या टोपलीतली एक हिरवी बांगडी उचलायची अन् म्हणायची, "ही ठेव गं बेबीताई बाजूला. पुढच्या साली माझ्या डझनात घाल." मी ठेवायची. डबाभर झाल्या त्या.

एकदा तर तिनंच नवऱ्याला सांगितलं, दुसरी करा. माझी धाकटी बहीण हाय, तिला आणा, तिची लेकरं मी सांभाळीन. बाई हे कशी बोलली असंल ते बाईलाच ठाऊक. बद्रीनाथ म्हणला, "मला तुझ्यावर सवत आणायची न्हाई." गावभर गाजलं ते. देवमाणूस, देवमाणूस! मी पण दुकानात येईल त्या बाईला सांगायची, नवरा असावा तर असा. मुडदा बशिवला त्याचा, दुसरी करून तरी त्याला काय होणार होतं!

अन् त्याची आई, पुष्पाबाई. सुनेला लेकरू न्हाई म्हणल्यावर आमच्या गल्लीतल्या सासवा काय काय बोलतात ते मला कुणी सांगायला नको. पुष्पाबाईनं तो शब्द कव्हा तोंडातून काढला न्हाई. वांझ म्हणून. उलट सून दवाखान्यातून आली की तिचे पाय चेपायची. सासू सुनेचे पाय चेपती, बघितलं का कुठं? शेजारची कुणी टोचून बोलली तर पुष्पाबाई तिला अशी झाडायची की ती पुन्हा दारात यायची न्हाई. गिरिजा माझ्याजवळ रडायची ते पोर न्हाई म्हणून कमी अन् सासूच्या चांगुलपणापायी जास्त. "ताई, त्यांची दोन लेकरं तापानं गेली, मुलगा हा एकच राह्यला, अन् मी त्यांना नातू देत न्हाई. तरी एक शब्द न्हाई. कसं फेडू गं मी हे?" म्हणायची.

दोन लेकरं तापानं गेली, असं त्या घरात सांगायचे. हे लोक मूळचे भोकरदनकडले. पोरं गेल्यावर सगळं सोडून इकडं आले, म्हणून गावात कुणाला जास्त माहीत नव्हतं. बद्रीची थोरली बहीण शालू तिकडंच दिलेली. शालूला दोन पोरी, तृप्ती अन् मोनाली. मोनाली आठवीत आली अन् मामाच्या घरी शिकायला राह्यली. तीन वर्षं. तिच्या वेण्या गिरिजानं घातल्या, पहिल्यांदा न्हाण आलं तव्हा मायेजवळ न जाता ती मामीच्या कुशीत शिरली. मोनालीच्या हातात बांगड्या भरायला दोघी एकमेकींना चिकटून माझ्या दुकानात यायच्या. तेवढी तीन वर्षं गिरिजा माझ्या टोपलीतली बांगडी बाजूला काढायची विसरली.

आता खरं ऐका.

तृप्तीचं लग्न झालं, तिला मुलगा झाला, सूरज. चार-पाच वर्षांचा झाला तरी पोरगं सारखं पडायचं. पिंढऱ्या पहिलवानासारख्या टणक, पण जिना चढता येईना. भोकरदनच्या डॉक्टरनी संभाजीनगरला न्यायला सांगितलं. घरात कुणाला दवाखाना आला की गिरिजाला बोलवायचं हे ठरलेलंच, तिच्या मागं लेकरू न्हाई ना! ती निघाली. पुष्पाबाईला डोळे दाखवायचे होते म्हणून ती पण संग. अन् मला बांगड्यांचा माल आणायचा होता, म्हणून मी. तिकडून शालू अन् तृप्ती पोराला घेऊन आल्या.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला चांगली. तिनं सूरजला फरशीवर बसवलं अन् म्हणली, "ऊठ बरं बाळा." मी पिशव्या धरून दारात उभी, मला सगळं दिसत होतं. पोरगं आधी पालथं झालं, हात टेकले, मंग हात गुडघ्यावर, मंग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभं राह्यलं. डॉक्टरीण शालूला म्हणली, "तुमच्या माहेरी असं कुणाला होतं का? भाऊ, मामा?" शालू म्हणली, "न्हाई, कुणालाच न्हाई." अन् तेवढ्यात पुष्पाबाईनं हंबरडा फोडला. "असाच उठायचा! माझा कडूबा असाच उठायचा! भुजंग पण!"

मंग सगळं बाहेर आलं. ताप न् बिप काही नव्हता. थोरला कडूबा दहाव्या वर्षी चालायचा राह्यला. बद्रीच्या पाठचा भुजंग, तो पण. दोघं विशीच्या आत गेले. भावकीत करणी म्हणले, पाप म्हणले, बद्रीला सोयरीक येणार न्हाई म्हणले, म्हणून गाव सोडलं अन् तोंड शिवलं. गिरिजा भिंतीला टेकून ऐकत होती. तिला वाईट वाटून राह्यलं होतं, राग न्हाई. सासूच्या पाठीवरून हात फिरवत होती.

डॉक्टरीण समजावून सांगायला लागली. रक्ताची तपासणी होईल, पण लक्षणं तीच आहेत, म्हणली. "हा आजार बायकांच्या रक्तातून येतो अन् मुलांना होतो. आईकडून मुलीत दडून जातो, मुलीकडून तिच्या मुलात. तृप्तीला बहीण असेल तर तिचीही तपासणी लग्नाआधी करून घ्या." शालूनं मान हलवली. मंग गिरिजानं विचारलं, अगदी सहज, काळजीनं, "डॉक्टर, माझे मालक ह्या शालूताईंच्याच पाठचे. त्यांना काही होणार न्हाई ना?"

"ते आता चांगले चालतात-फिरतात ना? मग त्यांच्यात हा दोष नाहीच. त्यांच्या मुलाबाळांनाही काही भीती नाही."

पुष्पाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं माय! मंग माझ्या बद्रीनं उगंच कापून घेतलं गं! फुकट गेलं लेकराचं!"

असं म्हणली ती. लेकराचं फुकट गेलं, म्हणली. तिला तिच्या लेकाचं रडू आलं. सून शेजारी उभी हाय, सुनेचा हात अजून तिच्या पाठीवर हाय, हे तिच्या ध्यानात आलं ते नंतर. तव्हा तिनं पदर तोंडाला लावला. गिरिजानं हात काढून घेतला.

परतीच्या बसमध्ये ती माझ्याजवळ बसली. पुष्पाबाई पुढच्या शिटावर. बदनापूर गेल्यावर गिरिजा म्हणली, "बेबीताई, कापून घेतलं म्हणजे काय गं?" तिला कळलं होतं. पण कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. मी म्हणले, "तू समजून राह्यलीस तेच, बाई." ती बरं म्हणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली अन् म्हणली, "चल माझ्यासंग. मी एकटी गेले तर ते मला समजावतील अन् मी समजून घेईन." हे तिचं बोलणं मला लई लागलं. मी दुकानाला फळकुट लावलं अन् निघाले.

बद्रीनाथ रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली बसून डोळे बांधत होता. आईनं रात्रीच सांगितलं असंल, कारण आम्हाला बघून त्यानं चाकू मिटला. नाकारलं न्हाई. लग्नाच्या आधीच, लांबच्या कुठल्या तरी गावात, दोन लेकरांचा बाप हाय म्हणून खोटं सांगून नसबंदी करून आल्ता. आईला माहीत होतं. दोघांचं मिळून ठरलं होतं की सुनेला सांगायचं न्हाई.

"तू भुजंगला बघितलं न्हाईस," तो म्हणला. "शेवटी त्याची मान मी धरायचो तव्हा त्याला घास गिळता यायचा. एक दिवस तो आईला म्हणला, 'कडूबाचं असं झालेलं तू बघितल्तं. तरी मला काहून आणलं?' आईनं दोन दिवस अन्न घेतलं न्हाई. मी तव्हाच ठरवलं. माझ्या पोटचं कुणी मला असं विचारणार न्हाई. एका झाडाच्या दोन फांद्या शेंड्यापासून वाळल्या, गिरिजा. तिसऱ्या फांदीचा डोळा मी कसा काढू? दुसऱ्याच्या बागेत मी असं पाप करत न्हाई, मंग माझ्या घरात करू?"

खरं सांगते, मला त्याची कीव आली. काही झालं तरी माणूस खोटं रडत नव्हता. असं लेकरू आणायचं का, हे त्यानं जेवढं मनाला लावून घेतलं तेवढं कितीजण घेतात? पण माणसं म्हणजे काय मोसंबी हाय का रे बाबा? डॉक्टरला एकदा विचारायला काय झालं होतं! पण विचारलं तर बोलावं लागतं, अन् ह्या घराला बोलायचंच नव्हतं.

गिरिजा खाली रोपांमध्ये बसली. "मंग माझ्याशी लग्न काहून केलं?"

"आई एकटी पडल्ती. घरात कुणी..." तो थांबला. "अन् मला पण माणूस पाहिजे होतं."

"मला आधी सांगितलं असतं तर?"

"तू आली नसतीस."

"मंग!" ती ओरडली. तिचा तसला आवाज मी कव्हा ऐकला नव्हता. "न आले असते न्हाईतर आले असते! ते माझं होतं ना? तुम्ही चुकलात म्हणून मी रडत न्हाई. डॉक्टर म्हणली असती की तुमचं बराबर होतं, तरी मी अशीच इथं बसले असते. भुजंगभाऊजीचं तुम्ही मला सांगितलं असतं, आत्ता सांगितलं तसं, तर मीच म्हणले असते, नको आपल्याला लेकरू. मी म्हणले असते वो! तुम्ही माझं लेकरू तर घेतलंच, माझं 'नको' पण घेतलं. अन् वरून मला उपास करू दिले. माझ्या पोटाला भोकं पाडली तव्हा तुम्ही बाहेर बाकड्यावर बसले होते."

बद्रीनाथ म्हणला, "मी दर वेळी सांगणार होतो."

"अन् आत्याबाई माझे पाय चेपत होत्या," ती म्हणली. नवऱ्याचं तिनं ऐकलंच न्हाई बहुतेक. "मला वाटायचं माया हाय. मी माझ्या मायपेक्षा जास्त जीव लावला त्यांना."

मला वाटलं ती माहेरी जाईल. गेली न्हाई. माहेरी भाऊ-भावजय, तिथं काय सांगणार? ती त्याच घरात राह्यली, सैपाक करायची, सासूला वाढायची, पण पाय चेपायला पुष्पाबाई आली की पाय ओढून घ्यायची. नवऱ्याशी कामापुरतं. असे काही महिने गेले.

मंग मोनालीची सोयरीक जमली. पोरगा घनसावंगीकडला, शेती चांगली, घर चांगलं. गिरिजानं पहिल्याच दिवशी विचारलं, "मोनालीची तपासणी केली का?" शालू म्हणली, "वहिनी, हळू बोला." तृप्ती तर बिचारी मेल्यासारखी झाल्ती. सासरच्यांना कळलं की आजार हिच्या माहेरून आला, तर तिला ठेवतील का? तिच्याकडून मायनं पोराची शपथ घेतल्ती, की बहिणीला काही सांगू नको. मोनालीला एवढंच माहीत की सूरज अशक्त हाय, गोळ्या चालू हायत.

गिरिजा नवऱ्याला म्हणली, "तुम्ही तिचे मामा. तुम्ही सांगा तिला."

बद्रीनाथ काय म्हणला माहीत हाय? "आधी लग्न होऊन जाऊ दे. मंग बघू."

हे मला तिनंच दुकानात येऊन सांगितलं. रागानं तिला नीट बोलता येईना. "ताई, मला वाटलं होतं, ह्या माणसाचं चुकलं पण त्याचं एक तत्त्व होतं. रोगट डोळा पुढं जाऊ द्यायचा न्हाई म्हणून त्यानं आपलं अंग कापलं. मला फसवलं, पण कशासाठी तरी फसवलं. तेवढ्यावर मी त्या घरात भाकर खाऊन राह्यले होते. अन् आज म्हणतो, लग्न होऊन जाऊ दे! म्हणजे तत्त्व फक्त माझ्यापुरतंच होतं का?" मी बांगड्या पुसत बसले.

लग्नाआधी मामाच्या घरी नवरीचं गडगनेर असतं, तुम्ही केळवण म्हणता ते. मोनालीनं हट्टच धरला की चुडा बेबीमावशीच भरंल. मी टोपली घेऊन गेले. भर दुपार. पुरणाचा वास सुटल्ता, गल्लीतल्या चार बायका आल्त्या. मधल्या खोलीत पाट मांडून मोनालीला बसवलं, शालू तिच्या शेजारी, पुष्पाबाई खुर्चीवर, बद्रीनाथ दारापाशी. गिरिजा आत पुऱ्या तळत होती.

मी मोनालीचा डावा हात घेतला. हिरव्या बांगड्या भरल्या, एकपण तडकली न्हाई. बायका म्हणल्या, नवरीचं नशीब मऊ हाय. उजवा हात घेतला अन् पहिली बांगडी बोटांत घातली, तेवढ्यात गिरिजा बाहेर आली. हाताला पीठ तसंच. असल्या वेळी ती कव्हाच बाहेर येत नसे, म्हणून बायकांनी सरकून तिला वाट दिली. ती मोनालीच्या समोर खाली बसली.

"बेबीताई, जरा थांब," म्हणली.

शालू उठली. "वहिनी, आत चला."

"मोनाली, तू ऐक," गिरिजा म्हणली. "मला हे तुला एकटीला सांगायचं होतं. तुझी माय महिनाभर तुला माझ्याजवळ एकटी सोडीना, फोन लावला तर फोन तीच घ्यायची. म्हणून इथं सांगते. सूरजला जे झालंय ते अशक्तपण न्हाई. तुझे दोन मामा त्यातच गेले. ते बाईच्या रक्तातून येतं. आजीकडून तुझ्या मायला आलं, मायकडून तृप्तीला. तुझ्यात असंल किंवा बिलकुल नसंल, तपासलं की कळतं. मी तुला लग्न मोड म्हणत न्हाई. लेकरू आण म्हणत न्हाई, नको आणू म्हणत न्हाई. ते तू अन् तुझा होणारा नवरा मिळून ठरवा. पण तुला माहीत पाहिजे. आधी माहीत पाहिजे."

मोनालीनं मायकडं बघितलं. माय रडून राह्यली होती. "तृप्तीताईला माहीत हाय?"

"हाय."

"मामा, तुम्हाला?"

बद्रीनाथनं मान खाली घातली. पोरीचा हात माझ्या हातात होता. तिनं हळूच बोटं आवळली अन् ती एक बांगडी काढून माझ्या टोपलीत ठेवली. "मावशी, उरलेल्या राहू द्या," म्हणली. उठली अन् गिरिजाजवळ जाऊन उभी राह्यली. "मामी, तुम्ही चला माझ्यासंग दवाखान्यात. मंग मी त्यांच्याशी बोलते. मीच बोलते."

अन् तव्हा खुर्चीवरून आवाज आला.

"वांझोटी कुठली!"

पुष्पाबाई. काठी आपटत उभी राह्यली म्हातारी. "वांझोटी ती वांझोटीच! दुसऱ्याचं भरलेलं घर बघवंना तुला! माझ्या नातीचं वाटोळं केलंस!"

चारी बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या अंगाची आग आग झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गिरिजानं मला हातानं थांबवलं.

"आत्याबाई," ती म्हणली, "सगळं गाव हा शब्द म्हणत होतं तव्हा तुम्ही म्हणला न्हाईत. तव्हा म्हणला असतात तर मी ऐकून घेतला असता, मला तो खरा वाटत होता. आज म्हणलात. आज तुम्हाला पक्कं माहीत हाय की तो खोटा हाय."

पुष्पाबाई पुन्हा खुर्चीवर बसली. मोनालीनं चपला घातल्या, एक हात भरलेला, एक हात मोकळा, तशीच. गिरिजानं पदराला पीठ पुसलं अन् पर्स घेतली. त्या दोघी दाराशी आल्या, तर बद्रीनाथ आडवा. वाट अडवायला न्हाई, बाजूला व्हायचं त्याला सुचलंच नसंल. तोंड पार उतरल्तं.

"गिरिजा," तो म्हणला, "एवढं मोठं करायच्या आधी मला एकदा विचारायचं तरी होतंस."

ती थांबली. मला वाटलं आता ही त्याला उभा फाडती. पण ती चिडली न्हाई, तिनं टोमणा पण मारला न्हाई. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडून काहीतरी जाणून घ्यायचंय, असं तिनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"कसं वाटतं वो?" तिनं विचारलं.